औषध मोफत मिळतं, मग एड्ससाठी संस्था कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे: एचआयव्हीवर औषध निघालं, बहुतेक देशांत ते सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतं, मग या साथीत स्वयंसेवी संस्था पत्रकं वाटण्यापलीकडे नेमकं काय करतात? मी अशाच एका संस्थेत बरीच वर्षं समुपदेशक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोळी दवाखान्यात मिळते, पण घ्यायची असते घरी, रोज, आयुष्यभर. मधलं सगळं काम संस्थांचं. औषधावर विश्वास नाही म्हणून ते सोडलेला माणूस मला क्वचितच भेटला. पाहुणे राहायला येतात आणि गोळी घ्यायला आडोसा उरत नाही. रात्रपाळी लागते, वेळ चुकत जाते. बाटली हलली की गोळ्या वाजतात, म्हणून कुणी त्या कागदात बांधून घेतं आणि बाटली दवाखान्याबाहेरच टाकून देतं. लग्न ठरतं. नोकरीसाठी दुसऱ्या गावी जावं लागतं आणि तिथल्या केंद्रावर नाव कसं लावायचं ते कळत नाही. एक महिना चुकतो, मग डॉक्टर रागावतील या भीतीने दुसराही. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या माणसापुढे ‘आला नाही’ एवढीच नोंद राहते. तो का आला नाही हे विचारायला कुणीतरी घरी जावं लागतं, आणि ते जाणंही जपून करावं लागतं. आम्ही आधी फोनवर विचारतो: घरी कोण कोण आहे, मी कोण म्हणून येऊ? पिशवीवर संस्थेचं नाव नसतं. शेजारच्यांनी हटकलं तर काय सांगायचं तेही आधीच ठरवून घेतो. एवढं केलं नाही तर मदतीला गेलेलं माणूसच त्याचं गुपित फोडून येतं.

औषध नव्हतं तेव्हाही संस्था होत्या. न्यूयॉर्कमध्ये ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ 1982 च्या जानेवारीत सुरू झाली. त्याच वर्षी एका स्वयंसेवकाच्या घरच्या फोनवर त्यांनी मदतवाहिनी लावली, तर पहिल्याच रात्री शंभरावर फोन आले. त्यांचे स्वयंसेवक आजाऱ्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक करायचे, केर काढायचे, सोबत बसायचे. युगांडात नोएरिन कालीबा यांचे पती 1987 साली एड्सने गेले. त्याच वर्षी त्यांनी काही सोबत्यांबरोबर ‘टासो’ ही संस्था उभी केली. या सोबत्यांपैकी बरेच जण स्वतः एचआयव्हीबाधित होते किंवा त्यांच्या घरात कुणीतरी होतं. मला वाटतं, या साथीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे: ज्यांना आजार होता त्यांनीच काम हातात घेतलं. 1983 साली डेन्व्हरमध्ये एड्ससह जगणाऱ्या काही जणांनी एक जाहीरनामा मांडला. आमच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे आम्ही असलो पाहिजे, सेवा देणाऱ्या संस्थांच्या कार्यकारिणीतही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

आणि तुम्ही ज्याला सहज ‘मोफत औषध’ म्हणता, ते मिळण्यामागेही याच लोकांची लढाई आहे. दक्षिण आफ्रिकेत 1998 साली ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ सुरू झाली. आईकडून बाळाला होणारी लागण नेव्हिरॅपिन या औषधाने पुष्कळ टाळता येत होती, तरी सरकार ते मोजक्याच ठिकाणी देत होतं. संघटना कोर्टात गेली, आणि जुलै 2002 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते सरकारी रुग्णालयांतून उपलब्ध करायला सांगितलं. त्यांच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांत बसून साध्या लोकांना विषाणू शरीरात काय करतो, सीडी-4 म्हणजे काय (विषाणू ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पेशी), औषध कसं काम करतं हे शिकवलं. कोर्टातल्या विजयाइतकंच मोल मी या शिकवणीला देते, कारण स्वतःचा रिपोर्ट वाचता येणारा माणूस डॉक्टरला प्रश्न विचारतो.

नुसतं ‘कंडोम वापरा’ सांगून काही होत नाही, हे कोलकात्याच्या सोनागाछीत फार चांगलं दिसलं. 1992 साली डॉ. स्मरजित जाना यांनी तिथे काम सुरू केलं आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्याचं काम दिलं. पण डोक्यावर सावकाराचं कर्ज असेल तर कंडोमला नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं परवडत नाही. म्हणून 1995 साली त्या बायकांची स्वतःची सहकारी संस्था, ‘उषा’, उभी राहिली. बचत आणि कर्ज हेही एड्सविरोधी कामच होतं.

मोझांबिकच्या टेटे प्रांतातली पद्धत मला विशेष आवडते. दवाखाना लांब, प्रवासाला पैसे नाहीत. 2008 पासून तिथे साधारण सहा-सहा जणांचे गट झाले. दर महिन्याला एकजण जातो, सगळ्यांची औषधं आणतो आणि त्याच खेपेत स्वतःची तपासणी करून घेतो. अशी प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांनी येते. निघण्याआधी सगळे जमतात, एकमेकांच्या गोळ्या मोजतात, कुणाला त्रास होतोय का विचारतात. प्रवास वाचतो हे झालंच. शिवाय गोळ्या कुणाच्या चुकल्या ते कळायला दवाखान्याच्या रजिस्टरची वाट पाहावी लागत नाही.

हे सगळं इतकं उपयोगी ठरलं की 2021 साली संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात देशांनी उद्दिष्ट मान्य केलं: 2025 पर्यंत तपासणी-उपचाराच्या 30 टक्के सेवा आणि सर्वाधिक जोखमीच्या गटांसाठीच्या प्रतिबंधाच्या 80 टक्के सेवा समुदायाच्या संस्थांनी चालवाव्यात. पण पैसा त्या हिशेबाने आला नाही. देणगीदार तपासण्या मोजतात, कंडोम मोजतात. रडणाऱ्या माणसाजवळ घालवलेला तास कुठल्याच रकान्यात बसत नाही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा जीवरक्षक म्हणून उपचारांना सूट मिळाली, पण कितीतरी ठिकाणी घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांचे पगार बंद झाले. याचा मला आजही संताप येतो.

तुम्ही एखाद्या संस्थेला मदत करायचा विचार करत असाल तर या कार्यकर्त्यांच्या पगारासाठी द्या. देण्याआधी एवढं विचारा, की संस्थेच्या कार्यकारिणीत एचआयव्हीसह जगणारे किती जण आहेत आणि पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवताना त्यांचं मत घेतलं जातं का.