'रिलीज'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: एकजण सायट्रान्स (नाचायचं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत) आणि अँबियंट (संथ, वातावरण उभं करणारं संगीत) यांच्या सीड्या आणि व्हायनल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकड्या, जमवतो, त्याने आपल्या संग्रहाची यादी मराठीत करायला घेतली आणि पहिल्याच रकान्याला अडला. 'रिलीज'ला काय लिहू, प्रकाशन, विमोचन की आणखी काही? आणि रिलीजच ठेवायचं तर ती रिलीज, तो रिलीज की ते रिलीज?

मी हेच संगीत बरीच वर्षं जमवतोय आणि शब्दांचाही नाद आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. एकच शब्द शोधू नका एवढं आधीच सांगतो, कारण इंग्रजीत हा शब्द आपल्या छंदात तीन वेगळी कामं करतो आणि त्या तीनही कामांना मराठीत वेगवेगळे, चांगले रुळलेले शब्द आहेत.

पहिलं काम म्हणजे बाजारात येणं. याला आपण लहानपणापासून काय म्हणत आलो? कॅसेट निघाली. दिवाळी अंक निघाला. अमक्याने नवीन कॅसेट काढली. निघणे आणि काढणे ही जोडी इतकी सहज आहे की तिच्याकडे शब्द म्हणून कुणाचं लक्षच जात नाही, आणि मग आपण 'विमोचन'सारखं काहीतरी शोधत बसतो. विमोचन पुस्तकाच्या बाबतीत हिंदीत चालतं, 'पुस्तक विमोचन' तिथे रोजचं आहे, पण मराठी कानाला विमोचन म्हटलं की ऋणविमोचन, संकटविमोचन आठवतं, म्हणजे कशातून तरी सुटका. 'प्रकाशन' चुकीचं नाही पण त्याला समारंभाचा वास आहे, हार, शाल, व्यासपीठ, आणि बेडरूममध्ये बसून केलेला अल्बम रात्री दोन वाजता बँडकॅम्प या संगीत विकायच्या वेबसाइटवर टाकणाऱ्याचं 'प्रकाशन झालं' म्हणणं जड वाटतं. हल्ली 'सोडला' पण ऐकू येतं, टीझर सोडला, गाणं सोडलं. टीझरला ठीक आहे, पण 'त्याने अल्बम सोडला' म्हटलं तर अर्धवट टाकून दिला असं वाटू शकतं, शिवाय पुडी सोडणे डोक्यात येतं ते वेगळंच. म्हणून माझं मत निघाला आणि काढला यांनाच.

आणि 'निघणे' या क्रियापदाचा एक मोठा फायदा या संगीतापुरता आहे. सायट्रान्स ज्यातून आलं त्या गोवा ट्रान्सचा इतिहास बघा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला गोव्यातल्या अंजुनाच्या किनाऱ्यावर जे वाजत होतं त्यातलं कितीतरी तेव्हा निघालेलंच नव्हतं, ते फिरत होतं. उन्हात व्हायनल वाकडी होते, धूळ बसते, म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटवर वाजवायचे आणि १९८७ साली डॅट आल्यावर डॅटवर गेले, छोटी डिजिटल टेप, खिशात मावणारी, कॉपी केली तरी आवाज उतरत नाही. लंडनहून, इस्रायलहून, जर्मनीहून येणारा माणूस स्वतःचे ताजे ट्रॅक डॅटवर घेऊन यायचा, इथे अदलाबदल व्हायची आणि ते ट्रॅक पुढे कुठल्या तरी तिसऱ्याच देशात पोचायचे, सीडी निघायच्या कितीतरी आधी. तिथले नावाजलेले डीजे गोवा गिल, जे २०२३ साली वारले, ते तर डॅटवरच वाजवणारे म्हणून ओळखले जात. ड्रॅगनफ्लाय, टिप, ब्लू रूम ही लंडनची लेबलं, म्हणजे संगीत काढणाऱ्या कंपन्या, नव्वदच्या पहिल्या काही वर्षांत उभी राहिली आणि हे फिरणारं संगीत निघायला लागलं. तर यादीत 'अनरिलीज्ड'साठी अप्रकाशित लिहिण्यापेक्षा मी 'निघालं नाही, टेपवर फिरलं' असंच लिहीन. अप्रकाशित म्हटलं की कवीच्या मागे राहिलेल्या वह्या वाटतात, कुणीच न वाचलेल्या. इथे तर हजारो लोक त्यावर सूर्य उगवेपर्यंत नाचलेले आहेत.

आता दुसरं काम, आणि संग्रह करणाऱ्याला खरी गरज याचीच आहे. जमवणारा जेव्हा 'माझ्याकडे ही रिलीज आहे' म्हणतो तेव्हा त्याला अल्बम म्हणायचं नसतं, त्या अल्बमचं एक ठराविक रूप म्हणायचं असतं: कुठल्या लेबलने, कुठल्या साली, कुठल्या देशात, कशावर. डिस्कॉग्ज हा डेटाबेस २००० साली सुरू झाला तो मुळात इलेक्ट्रॉनिक संगीताची सूची म्हणूनच, आणि त्याची सगळी रचना या फरकावर उभी आहे. एका अल्बमखाली त्याची सगळी रूपं, आणि ती ओळखायची कशी तर बारकोड बघा, तबकडीवर मधल्या कागदाच्या कडेला जी कोरी जागा असते तिथे कोरलेला आकडा बघा. मी एकदा 'ओरिजिनल' म्हणून हॅल्युसिनोजेन या सायट्रान्स कलाकाराच्या 'ट्विस्टेड' अल्बमची सीडी मागवली होती, १९९५ ची ड्रॅगनफ्लायची, आणि हातात पडली ती नंतरची. विकणाऱ्याशी बोलताना लक्षात आलं की त्याला 'ओरिजिनल' म्हणजे पायरेटेड नसलेली एवढंच म्हणायचं होतं. पहिली आवृत्ती आहे का असं मराठीत विचारलं असतं तर घोटाळा झाला नसता!

हाच तो शब्द, आवृत्ती. पुस्तकवाल्यांनी हे सगळे भेद आपल्यासाठी कधीच करून ठेवलेत. पुस्तक वेगळं, आवृत्ती वेगळी, पुनर्मुद्रण वेगळं, प्रत वेगळी. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळणारा माणूस आधी पान उलटून 'पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण' ही रांग वाचतो ना, व्हायनल जमवणारा नेमकं तेच करतो. तसाच माल पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण, रीमास्टर केला, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारून घेतला, तर सुधारित आवृत्ती, आणि तुमच्या कपाटातली ती तुमची प्रत. वेगवेगळ्या कलाकारांचे ट्रॅक एकत्र करून एखादा डीजे जे संकलन काढतो, आणि सायट्रान्समध्ये तर ही संकलनं फार महत्त्वाची आहेत, तो थेट दिवाळी अंक आहे: लेखक अनेक, संपादक एक, आणि नाव संपादकाचं बघून घ्यायचा.

कुणी म्हणेल छपाईचे शब्द संगीताला का लावायचे. पण ते आधीपासून लागलेलेच आहेत. आपण रेकॉर्डिंगला ध्वनिमुद्रण म्हणतो, म्हणजे आवाज छापणं, आणि रेकॉर्डला ध्वनिमुद्रिका. खुद्द 'अल्बम' हा शब्दही वहीचाच. ७८च्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपायची, त्यामुळे मोठी रचना असेल तर चार-सहा तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या एका बांधलेल्या वहीत घालून विकायचे, पुढे १९४८ साली एलपी आली, सगळं एका तबकडीत मावलं, वही गेली आणि नाव राहिलं.

आवृत्ती शब्दात मला आणखी एक गोष्ट भावते. वृत् म्हणजे फिरणं, आणि आवृत्ती म्हणजे फिरून येणं. तबल्याचं आवर्तन त्याच धातूचं. ज्या संगीतात एकच बासलाइन नऊ मिनिटं फिरत राहते, किंवा अँबियंटवाल्या ब्रायन ईनोच्या १९७८च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये जसे वेगवेगळ्या लांबीचे टेपचे वेढे फिरत राहतात आणि सूर दर वेळी नव्या जागी भेटतात, त्या संगीताच्या यादीत हा शब्द शोभून दिसतो. आणि हो, आपल्याकडे धरणातून कालव्याला पाणी 'रिलीज' करतात त्यालाही आवर्तनच म्हणतात, उन्हाळी आवर्तन सुटलं वगैरे, ते पाळीच्या अर्थाने आहे पण शब्द तोच.

दोन ठिकाणी मात्र जपून. 'नवीन रिलीज आली' याचं 'नवी आवृत्ती आली' करू नका, तसं म्हटलं तर जुन्याचीच पुन्हा काढली असा अर्थ होतो, तिथे सरळ 'नवीन अल्बम निघाला'. आणि हिंदीत आवृत्ति म्हणजे फ्रीक्वेन्सी, त्यामुळे यादी हिंदी मित्राला दाखवणार असाल तर आधी सांगा, आपल्याकडे त्याला वारंवारता आहे म्हणून आपल्याला अडचण येत नाही.

लिंगाचं आता. 'रिलीज झाला' मध्ये रिलीजला लिंगच नाही, सिनेमा रिलीज झाला, फिल्म रिलीज झाली, कर्त्याचं लिंग चालतं. नाम म्हणून वापरताना मी 'ती रिलीज' म्हणतो. परका शब्द आपण बरेचदा मनातल्या मराठी शब्दाचं लिंग देऊन घरात घेतो, ट्रेन ती कारण गाडी ती. इथे मनात कॅसेट, सीडी, आवृत्ती आहे, सगळ्या स्त्रीलिंगीच. हे लिंग किती कामाचं असतं ते 'रेकॉर्ड'मध्ये बघा: रेकॉर्ड मोडलं म्हणजे विक्रम, रेकॉर्ड मोडली म्हणजे तबकडीचे दोन तुकडे आणि घरात शोककळा.

तिसरं काम सिंथवरचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या सिंथेसायझरवरचं. सूर कसा उठतो, टिकतो आणि विरतो ते ठरवणाऱ्या अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज या चार खुंट्यांतली रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर सूर विरायला किती वेळ घेतो ते. सायट्रान्सच्या बासला ती अगदी तोकडी लागते, नाहीतर पुढचा ठोका चिखलात पडतो, आणि अँबियंटच्या पॅडला, म्हणजे मागे लांब भरून राहणाऱ्या सुरांना, ती काही काही सेकंद ताणलेली असते, सगळी जादूच तिथे आहे. याला सतारवाले, तंबोरेवाले 'आस' म्हणतात, छेडल्यावर तारेत जो सूर उरतो तो. यंत्राची खुंटी फिरवताना रिलीजच म्हणा, पण ऐकण्याबद्दल लिहिताना 'पॅडला आस लांब आहे' लिहून बघा, ज्याने कधी सिंथ पाहिला नाही त्यालाही कळतं.

तर यादीतला रकाना 'आवृत्ती', आणि नोंद साधारण अशी (अल्बम, कलाकार, आवृत्ती, लेबल, साल, माध्यम): हायड्रोपॉनिक गार्डन, कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स, पहिली आवृत्ती, अल्टिमे (ल्यों, फ्रान्स), २००३, सीडी. त्याच अल्बमचं ब्लड म्युझिक या लेबलने नंतर काढलेलं व्हायनल तुमच्याकडे असेल तर त्याला वेगळी ओळ द्या, सुधारित आवृत्ती म्हणून, आणि शेजारी प्रतीची अवस्था लिहायला जागा ठेवा, कव्हरचा कोपरा दुमडलाय की नाही तेसुद्धा.