रेड वाईन तुरट लागली, म्हणजे खराब होती काय?

प्रश्न: सर, आम्ही खानापूरकडचे. आमच्यात वाईन म्हणजे गोव्याची गोड पोर्ट, तीपण नाताळ नायतर पाहुणे आले की. परवा पुतण्यानं बेंगळूरनं रेड आणली, एक घोट घेतला तर तोंड कोरडंठाक, गोडवा नावाला नाही. बाटली खराब होती काय? हजाराच्या आत बरी रेड कशी निवडायची?

उत्तर: खराब नव्हती हो, ड्राय होती. पोर्टमध्ये साखर शिल्लक असते, आणि ड्राय रेडमध्ये द्राक्षातली बहुतेक सगळी साखर आंबताना अल्कोहोल होऊन जाते, मग गोड लागणार कुठनं. तुरटपणा टॅनिनचा, ते येतं साल आणि बियांतनं. विजापूर-तिकोट्याकडं बेदाण्याला लावतात ती थॉमसन पातळ सालीची, बिनबियांची. वाईनची शिराझ, कॅबर्ने बारीक मण्यांची, जाड सालीची, आणि रेड करताना रस सालीसकट आंबवतात, रंगपण तिथनंच. बिनदुधाचा कडक चहा जिभेला कसा धरतो, तसंच हे. खराब बाटली वासावरनंच कळते, ओल्या पुठ्ठ्याचा नायतर व्हिनेगरचा वास येतो.

आता निवडायचं. हजाराच्या आत फॉरेनच्या बाटलीमागं लागू नका, त्यात तुमचा बराचसा पैसा टॅक्स आणि भाड्यातच जातो. नंदी हिल्सची ग्रोव्हर झाम्पा, नाशिकची सुला, अकलूजची फ्रातेल्ली, ह्यांच्या साध्या रेड बघा की. पहिल्यांदाच घेताय तर नुसती कॅबर्ने नको, ती जास्त धरते, शिराझ नायतर मर्लो घ्या. आणि लेबलवर कुठल्या वर्षाची ते बघाच. वाईन जुनी तेवढी भारी हे ह्या किमतीच्या बाटलीला लागू नाही, ती ताजी प्यायलाच केलेली असते, मागच्या दोन-तीन वर्षांतली असली की झालं. दुकानात काचेपुढं उन्हात उभी केलेली बाटली तर फुकट दिली तरी नको. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, त्यात बुचाचा घोळ तरी नाही. (गोव्यात स्वस्त म्हणून परमिट न काढता पेटी भरून चोर्ला घाटातनं आणणाऱ्यांनी चेकपोस्टवर काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवावं.)

पिताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते गारव्यात. रूम टेंपरेचर म्हणजे युरोपातली खोली, आपली एप्रिलमधली नव्हे. १५ ते १८ डिग्री पुरे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात फ्रीजमध्ये तास-दीड तास. बर्फगार केली तर तुरटपणा उलट वाढतोय. ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवा, आधी वास घ्या, मग छोटा घोट जरा तोंडात घोळवून गिळा. नुसती पिऊ नका, मटणाबरोबर घ्या, प्रोटीननं टॅनिन मऊ पडतं, फक्त तांबडा रस्सा झणझणीत असंल तर अल्कोहोलनं तिखट आणखी पेटतं, तिथं सुकं बरं. कुंद्याबरोबर मात्र अजिबात नको, गोडापुढं ड्राय रेड आंबट-कडू लागते, तिथं तुमची पोर्टच बरी.

प्रश्न: उरलेली बाटली किती दिवस चालते?

उत्तर: झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस. त्यानंतर मटण शिजताना ओता.