प्रकाशाला एकच अर्थ लावू नकोस

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम. तुझ्या भाषणाचा कच्चा खर्डा वाचला. शास्त्रात जिथे जिथे प्रकाश येतो, ती वचनं तू नेटाने गोळा केली आहेस. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजलंस: प्रकाश म्हणजे चांगलं, अंधार म्हणजे वाईट. एवढंच सांगायचं तर पवित्र शास्त्र कशाला उघडायचं?

उत्पत्तीत, म्हणजे शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात, प्रकाश पहिल्या दिवशी येतो, सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. त्यांना तिथे नावंही नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान. शेजारची राष्ट्रं सूर्याची पूजा करत होती, हे लक्षात ठेवून वाच. प्रकाश सूर्याच्या मालकीचा नाही, हे न भांडता सांगून टाकलंय.

स्तोत्र ११९ मधला पावलांपुढचा दिवा सगळेच सांगतात. तू वगळलास तरी चालेल.

मुक्काम मात्र योहानाच्या शुभवर्तमानाकडे कर. निकदेम नावाचा यहूदी पुढारी येशूकडे रात्री येतो, आणि त्याच ३ऱ्या अध्यायात पुढे येतं की जगात प्रकाश आला, पण माणसांना अंधारच आवडला, कारण त्यांची कृत्यं वाईट होती. हा प्रकाश दिलासा देत नाही, उघडं पाडतो. १३व्या अध्यायात येशूला धरून देणारा यहूदा शेवटच्या भोजनातला घास घेऊन बाहेर पडतो आणि योहान म्हणतो, तेव्हा रात्र होती. नुसती वेळ कळवायला तो हे लिहीत नाही.

'मी जगाचा प्रकाश आहे' हे ८व्या अध्यायातलं येशूचं वाक्य मंडपांच्या सणाजवळ, म्हणजे यहूद्यांच्या त्या मोठ्या सणाजवळ, ठेवून वाच. त्या सणात मंदिराच्या अंगणात मोठे दीपस्तंभ पेटवत, असं मिश्ना, म्हणजे यहूद्यांचा जुना नियमग्रंथ, सांगते. येशू हे बोलतो तेही मंदिरातच. पुढच्याच अध्यायात जन्मांधाला दृष्टी मिळते, आणि 'आम्हीही आंधळे आहोत काय?' असं विचारणारे परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, आंधळे ठरतात. तुझा निम्मा वेळ या प्रसंगाला दे. बाकीचं आपोआप आटोपशीर होईल.

आणखी दोन अडचणीच्या जागा आहेत, त्या झाकू नकोस. दिमिष्क (दमास्कस) शहराच्या वाटेवर तेज चमकलं आणि पौलाला तीन दिवस दिसेनासं झालं. पुढे तोच करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून बजावतो, की सैतानही प्रकाशाच्या दूताचं सोंग घेतो. उलट निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात मोशे दाट काळोखात शिरतो, कारण देव तिथे आहे. ऐकणारे इथे गोंधळतील. गोंधळू देत.

शेवटचं तुझ्या मथळ्याबद्दल. 'देव प्रकाश आहे' हे योहानाच्या पहिल्या पत्रातून घेतलंस आणि पुढच्याच अध्यायातली कसोटी गाळलीस: आपण प्रकाशात आहोत असं म्हणून जो भावाचा द्वेष करतो, तो अजून अंधारातच आहे. हे वचन भाषणात घे, नाहीतर मथळा बदल.

तुझा,
दादा