मंदिर परेडला मी कुठे उभा राहू?

इंदूरच्या एका आईचं पत्र आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. पत्र थोडक्यात असं:

'आमचं घर मूळचं नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती. सासरे सैन्यात सिग्नल्समध्ये (संदेशवहन विभागात) सुभेदार होते. शेवटची नोकरी महूला झाली, मग इथेच घर केलं, आता आमच्याजवळच असतात. मुलगा बारावीला आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेतलंय, आणि एनडीएशिवाय दुसरं काही बोलत नाही. यजमान म्हणतात, घराण्याची परंपरा आहे, जाऊ दे. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. रविवारची उपासना सुटेल. मेसमध्ये दारू असते. बीटिंग रिट्रीटमधलं आमचं गीतही काढून टाकलं. त्यात ती कोर्टाची बातमी वाचली. पाळकसाहेब म्हणाले, सैन्यात पाद्रीही लागतात, तो मार्ग बघा. तुम्ही सांगाल ते करू.'

खाली वेगळ्या शाईत मुलाच्या दोन ओळी आहेत: 'सर, मंदिर परेडला मी जाईन. पण आरतीचं ताट माझ्या हातात दिलं तर काय करायचं? आणि एसएसबीत हे विचारतात का?'

ताई, 'तुम्ही सांगाल ते करू' हे वाक्य आधी मागे घ्या. सांगणारा मी कोण? पाच वर्षं सैन्यात शॉर्ट सर्व्हिसमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीचा अधिकारी म्हणून काढली आणि त्यानंतर इंदुरात पोरांना एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींची तयारी करून देतो, एवढंच माझं भांडवल. त्या भांडवलावर बोलतो.

दारूचं सोपं आहे. मेसमध्ये असते, पण कोणी कोणाच्या नरड्यात ओतत नाही. आयुष्यभर निंबूपाण्यावर काढलेले कर्नल मी पाहिले आहेत. गीताचं म्हणाल तर 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती भजन २०२२ पासून बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याच्या सांगतेला वाजत नाही, हे खरं. गांधीजींच्या आवडीचं होतं ते. मलाही २९ जानेवारीच्या संध्याकाळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण दिल्लीतल्या एका संध्याकाळवरून पलटणीतलं रोजचं जगणं मापू नका. ख्रिस्ती माणसाला फौजेत जागा आहे का, ही शंका तर मनातून काढूनच टाका. जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ लष्करप्रमुख होते. १९७१ला गंगासागरच्या लढाईत लान्स नायक अल्बर्ट एक्का यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

खरा प्रश्न तुमच्या मुलाने विचारलाय. त्यामुळे इथून पुढे त्याच्याशीच बोलतो.

बाळा, मंदिर परेड म्हणजे काय हे आधी नीट समजून घे. इंग्रजांच्या पलटणी रविवारी चर्च परेडला जात, महूच्या छावणीतही जात. आपल्याकडे त्याच शिस्तीने युनिटच्या मंदिरात, गुरुद्वाऱ्यात किंवा सर्वधर्मस्थळात जवान एकत्र येतात. तिथे अधिकारी भक्त म्हणून नाही, त्या जवानांचा म्होरक्या म्हणून जातो. ज्यांना उद्या 'माझ्या मागे या' म्हणायचं, त्यांच्याबरोबर तो आज देवासमोर उभा राहतो. जवानांचा धर्म तो आपला धर्म, असं फौजेत म्हणतात ते यामुळे.

आता मी पाहिलेलं सांगतो. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, फरशी पाण्याने नुकतीच धुतलेली. आम्ही बूट-मोजे काढून उभे, तळपाय बधिर झालेले. आमचे टू-आय-सी, म्हणजे युनिटचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, केरळचे सीरियन ख्रिस्ती, रोज पहाटे बायबल वाचणारे. धर्मगुरू पंडितजींनी आरती संपवत आणली आणि ताट त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, एकदा ओवाळलं आणि शेजारच्या हवालदाराकडे दिलं. मग प्रसादाचा शिरा घेतला. कागदाला तूप सुटलेलं, ते बोटांना लागलं, तर रुमालाला न पुसता त्यांनी चाटून घेतलं. परतताना जीपमध्ये मी न राहवून विचारलं, सर, तुम्हाला हे चालतं? ते म्हणाले, 'नामान वाच.'

मी रामबागेत वाढलेला ब्राह्मणाचा पोर, मला नामान कुठला माहीत असणार! घरी येऊन शोधलं. तुला शब्बाथ शाळेपासून (चर्चच्या रविवारच्या शाळेपासून) पाठ असेल, पण इतर वाचकांसाठी सांगतो. नामान अरामाच्या राजाचा सेनापती. त्याचं कोड बरं होतं आणि तो इस्राएलाच्या देवाला मानायला लागतो. मग अलीशा संदेष्ट्याला विचारतो, माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा होईल ना? अलीशा लांबलचक प्रवचन देत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो.

म्हणजे तुझा प्रश्न एका सेनापतीने तुझ्याआधी विचारून ठेवलाय. पण त्याच ग्रंथात शद्रख, मेशख आणि अबेद्नगोही आहेत. राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढे ते वाकले नाहीत आणि भट्टीत गेले. आमच्याच युनिटमधला एक कॅप्टन त्या तिघांच्या वळणाचा होता. परेडला पहिल्या रांगेत यायचा, पण ताटाला हात लावायचा नाही. रुजू झाला त्याच आठवड्यात त्याने सीओंना, म्हणजे युनिटच्या प्रमुखांना, जाऊन हे सांगितलं होतं. सीओंनी ताट दुसऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था केली आणि विषय मिटला.

मिटला, कारण सीओ तसे होते. आईंनी वाचलेली बातमी नेमकी इथे येते. २०१७ साली कमिशन मिळालेला एक ख्रिस्ती लेफ्टनंट, थर्ड कॅव्हलरी या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये शीख जवानांचा ट्रूप लीडर. परेडला जायचा, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला त्याने नकार दिला. वरिष्ठांनी समजावलं, पाळकांनीही यात धर्माला बाधा नाही असं सांगितलं. तो हटला नाही. २०२१ला बडतर्फ झाला, पेन्शन-ग्रॅच्युइटीही गेली. मे २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई कायम ठेवली. कायद्याचा आधार पक्का आहे: घटनेच्या कलम ३३ने सैन्यदलांतल्या लोकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिलाय. मला विचारशील तर शिक्षा जड झाली असं माझं मत आहे. पण गाभाऱ्याच्या पायरीवर थांबलेला साहेब जवानाला दिसतो आणि तो त्याचा अर्थ लावतो, हेही मी तितक्याच खात्रीने सांगेन.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: ताट हातात आल्यावर काय करायचं हे तिथे, त्या ओल्या फरशीवर ठरवायचं नसतं. ते शपथ घेण्याआधी ठरलेलं हवं. तू नामान असशील तर निश्चिंत जा. तू शद्रख असशील, तर त्यातही कमीपणा नाही. पण मग समजूतदार सीओ मिळेल या भरवशावर आयुष्य बेतू नकोस. तसा माणूस भारताची सेवा दुसऱ्या दहा ठिकाणी ताठ मानेने करू शकतो.

या दोन टोकांच्या मध्ये बरीच मोकळी जागाही आहे. पायदळाच्या आणि रणगाड्यांच्या काही रेजिमेंटांत ठरावीक समाजाचेच जवान असतात, तिथे त्यांचा धर्म युनिटच्या अंगात भिनलेला असतो. शीख रेजिमेंटची युद्धघोषणाच 'बोले सो निहाल, सत श्री अकाल'. मराठा लाइट इन्फंट्रीत छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार करावा लागेल, आणि नगरकडच्या मुलाला त्यात जड जाऊ नये! आजोबांचं सिग्नल्स, इंजिनिअर्स, ईएमई (यंत्रसामग्री सांभाळणारा विभाग) अशा ठिकाणी सहसा सगळीकडची माणसं मिसळलेली असतात. नौदलात, हवाईदलात तर अशा समाजवार पलटणी नाहीतच. तुझं पीसीएम असल्याने एनडीएत तिन्ही दलं तुला खुली आहेत, पसंतिक्रम भरताना याचा विचार कर. मात्र आर्मीत गेलास तर कुठली रेजिमेंट मिळेल याची हमी कोणी देत नाही. पसंती विचारतात, देतीलच असं नाही.

एसएसबीत विचारतात का? थेट असं क्वचित. पण पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो, आणि मुलाखतीचे साहेब त्याच फॉर्मवरून सुरुवात करतात. रविवारी काय करतोस, नाताळात काय करतोस, असे साधे प्रश्न येतील. आमची ख्रिस्ती मुलं इथे हमखास एक चूक करतात. चर्चमधलं सगळं लपवतात, आणि 'जबाबदाऱ्या' या रकान्यात शाळेतलं मॉनिटरपद लिहितात. अरे, तू गायनवृंद सांभाळला असशील, शब्बाथ शाळेत वीस चिल्लीपिल्ली आवरली असशील, मंडळीच्या सहभोजनाचा हिशेब ठेवला असशील, तर तेच लिही. अधिकाऱ्याच्या अंगी हवेत असे पंधरा गुण शोधतात ते लोक, आणि वीस पोरांना तासभर बसवणाऱ्याकडे त्यातले निम्मे असतात. शब्दचाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकाला १५ सेकंद. 'धर्म', 'देव', 'भीती' असलं काही आलं तर शास्त्रवचन उतरवू नकोस आणि गुळगुळीत सर्वधर्मसमभावही नको. तू काय करतोस ते लिही. आणि आरतीबद्दल कोणी विचारलंच, तर जे ठरवलं असशील ते एका वाक्यात सांग. चाचपडलास तर तुझ्या धर्मापेक्षा तुझं चाचपडणंच त्यांच्या लक्षात राहील.

परीक्षेचं तुला माहीत असेलच: वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, पुढे एसएसबी ९००. आजोबांच्या सुभेदारीचे यात शून्य गुण, हे वडिलांनाही वाचून दाखव. नाही जमलं तर बारावीनंतर जेईई मेन्सवरून टेक्निकल एंट्री आहे, पदवीनंतर सीडीएस ही परीक्षा आहे, एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर स्पेशल एंट्री आहे. कॉलेजात एनसीसी सोडू नकोस.

पाळकसाहेबांच्या सूचनेबद्दल, ताई: सैन्यात पाद्री खरोखर असतात, नायब सुभेदार या हुद्द्यावर. पण त्यासाठी पदवी, रीतसर दीक्षा आणि बिशपांची मान्यता लागते. ज्याला पाळकपणाची हाक आली त्याचं ते काम. एनडीएतून सुटका म्हणून तिकडे ढकललेला मुलगा ना धड पाळक होईल, ना धड फौजी.

राहिले आजोबा. तुमच्या पत्रात यजमान त्यांचा दाखला देऊन 'जाऊ दे' म्हणतात, तुम्ही श्रद्धेचा दाखला देऊन 'नको' म्हणता. पण हा माणूस स्वतः काय म्हणतो, ते पत्रात कुठेच नाही. ख्रिस्ती माणसाने आख्खी नोकरी वर्दीत काढली, म्हणजे मंदिर परेडी त्यांनी शेकड्याने पाहिल्या असणार. ते कुठे उभे राहायचे? ताट घ्यायचे का? नाताळच्या सकाळी ड्यूटी लागली की काय करायचे? मंदिरात उभं राहून मनातल्या मनात कोणती प्रार्थना म्हणायचे? बाळा, हे विचारायला माझ्याकडे यायची गरज नव्हती, ते तुझ्या शेजारच्या खोलीत आहेत. एक दिवस त्यांना घेऊन महूला जा. त्यांनी जिथे नोकरी केली ते आवार बाहेरून का होईना बघा, छावणीतल्या जुन्या चर्चपाशी थोडं बसा आणि विचार. जुनी फौजी माणसं घरात बोलत नाहीत, छावणीच्या रस्त्याला लागली की बोलायला लागतात.

ते जे सांगतील ते कदाचित आईला पटणार नाही, कदाचित वडिलांना. त्यानंतर पीआयक्यूचा कोरा फॉर्म पेन्सिलने भरून माझ्याकडे ये. रविवार चालेल, पण सकाळी नको, उपासना आटोपून ये.