याझावाची पाच गाणी बसवताना

प्रिय दोस्ता,

तुझी यादी पाहिली. जपानीच्या वर्गाच्या कार्यक्रमात म्हणायला जपानी रॉक गायक याझावा एइकिचीची बारा गाणी! पाच पुरेत. आणि ‘ट्रॅव्हलिन बस’ तू पहिल्या नंबरावर टाकलं आहेस, ते पाचव्यावर ने. कारण पुढे येतंच आहे.

माणसाचा आवाका आधी ध्यानात घे. जन्म 1949, हिरोशिमा. 1972 मध्ये ‘कॅरोल’ बँड. त्यात बास गिटार वाजवत गाणारा हाच. 1975 मध्ये बँड मोडला आणि त्याच वर्षी एकट्याची पहिली तबकडी आली. 2019 मध्ये, सत्तरी दहा दिवसांवर असताना निघालेला त्याचा आल्बम ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या तबकड्यांच्या खपाच्या, यादीत पहिला आला. चाहते अजून लाडानं ‘एइचान’ म्हणतात. म्हणजे यादीत चाळीस-चाळीस वर्षांच्या अंतराची गाणी शेजारी बसतात, आणि पोरसवदा गळ्याचं गाणं नि मुरलेल्या गळ्याचं गाणं एकाच दमात बसवायला गेलं की दोन्ही बिघडतात. आणखी एक: चाली बहुतेक त्याच्या स्वतःच्या, शब्द बहुधा दुसऱ्या कुणाचे. म्हणून तूही आधी चाल नुसती ‘ला-ला’वर पक्की कर, शब्द नंतर.

शब्दांत तुझी गाडी कुठे अडते ते तू पाठवलेल्या वहीच्या पानावरच दिसतं. तू ‘तोकि यो तोमारे’ असं देवनागरीत उतरवलं आहेस. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू मोजायचास, तसं मोज: तो दोन, कि एक, यो दोन, तो दोन, मा दोन, रे दोन. झाल्या अकरा मात्रा. जपानीत आहेत फक्त सहा! आपल्याकडे ए आणि ओ ऱ्हस्व लिहायची सोयच नाही, आणि ‘मा’ लिहिलं की जीभ आपसूक लांबते. त्यामुळे तू अर्ध्या ओळीतच तालाच्या मागे पडतोस आणि दोष आवाजाला देतोस. देवनागरी टाकून दे, हिरागानात, जपानीच्या अक्षरलिपीत, लिही. प्रत्येक अक्षराला एक टाळी, बस्स. याउलट ‘तोक्यो’ला टाळ्या चार: तो, उ, क्यो (लिहायला दोन अक्षरं, टाळी एकच), उ.

अनुस्वाराची गंमत मात्र आपल्या बाजूची आहे. आपला अनुस्वार ‘अंक’मध्ये वेगळा, ‘अंत’मध्ये वेगळा, ‘अंबा’मध्ये वेगळा वाजतो; जपानी ‘न्’ अगदी तसाच पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलतो. फक्त त्याला स्वतःची एक मात्रा हवी. ‘फंकी मंकी बेबी’ (1973, कॅरोलच्या काळातलं) जपानी लिपीत लिहून मोज: फा-न्-कि-इ, मो-न्-कि-इ, बे-इ-बि-इ. चार, चार, चार. हे तुझं पहिलं गाणं. बोलताना बारा टाळ्या स्वच्छ आल्या की मग मूळ गाणं ऐक आणि तो कुठे ‘न्’ आधीच्या सुराला चिकटवून टाकतो त्यावर पेन्सिलनं कंस कर. रॉकमध्ये ही चिकटवाचिकटवी चालते, पण काय चिकटवलं ते ठाऊक असलेल्यालाच ती शोभते. आणि तो ‘फ’ दात ओठांवर न टेकवता म्हण, गरम चहावर फुंकर मारतोस तसा.

दुसरं ‘तोकि यो तोमारे’, 1978. शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या जाहिरातीतून गाजलेलं, संथ, उन्हाळी. कीबोर्डवर साकामोतो र्‍युइची आणि ड्रमवर ताकाहाशी युकिहिरो आहेत, म्हणून एक दिवस गाणं बाजूला ठेवून नुसती साथ ऐक. शीर्षकातल्या कांजींचं (चिनी वळणाच्या चित्राक्षरांचं) रोजचं वाचन ‘जिकान’. इथे मात्र ती ‘तोकि’ वाचायची. कोशात पाहून ‘जिकान’ म्हटलंस तर तालही मोडेल. ‘यो’ इथे संबोधनाचा आहे: काळा, थांब! 1994 च्या ‘आरि यो साराबा’मध्येही तोच ‘यो’: मुंग्यांनो, येतो आम्ही. आपल्या संबोधन विभक्तीचा हा जपानी चुलतभाऊ.

‘तोमारे’ म्हणजे ‘थांब’ ही आज्ञा. तेच क्रियापद 1986 च्या ‘तोमारानाइ हा-हा’त नकारात येतं, ‘थांबत नाही’. ही दोन गाणी पाठोपाठ बसव, क्रियापदाची रूपं फुकटात पाठ होतील. ‘हा-हा’च्या वेळी सभागृहभर टॉवेल हवेत उडतात. तुमच्या वर्गात पंखा आहे; टॉवेल खांद्यावरच असू दे.

चौथं ‘कुरोकु नुरित्सुबुसे’, 1977: काळ्या रंगानं फासून टाक. ‘नुरु’ आणि ‘त्सुबुसु’ जोडलेले, आपल्या ‘फासून टाक’च्या चालीवर. इथला ‘त्सु’ पुष्कळांना छळतो, तुला छळायचं कारण नाही. ‘चूल’मधला च म्हण, झाला ‘त्सु’. ‘चिंच’मधला पहिला च म्हण, झाला ‘चि’. ‘जुना’ आणि ‘जीव’ यांतल्या ज-चंही तेच: पहिला ‘झु’ला, दुसरा ‘जि’ला. मराठी माणसाला जपानीनं दिलेली ही सवलत आहे, ती वाया घालवू नकोस.

आता ‘ट्रॅव्हलिन बस’, 1976. गावोगाव दौरे करणाऱ्या बँडचं गाणं, धावतं, शब्दांनी खच्चून भरलेलं. श्वासाच्या जागा आधी कागदावर उभ्या रेघेनं आखल्या नाहीस तर दुसऱ्या कडव्यात दम संपतो आणि मग ओळींची शेवटची अक्षरं गिळली जातात. आधीच्या चार गाण्यांत मात्रा हातात बसलेल्या असल्या की हे पंधरा दिवसांत होतं, एरवी महिना जातो.

सरावाचं म्हणशील तर एका गाण्याला एक आठवडा (‘ट्रॅव्हलिन बस’ सोडून), रोज वीस मिनिटं. पहिले दोन दिवस चाल ‘ला’वर. पुढचे दोन दिवस पाऊणपट वेगानं शब्द, टाळीसकट. मग दोन दिवस मूळ वेगानं. सातव्या दिवशी फोनवर रेकॉर्ड करून ऐक. याझावा बरेचदा सुराला खालून सरकत भिडतो. कराओकेवाले त्याला ‘शाकुरि’ म्हणतात, आपण आखूड मींड म्हणू. ती घे, पण मुरक्या घेऊ नकोस. नाट्यगीत गायलेल्या गळ्याला हा मोह हमखास होतो आणि रॉकची धार तिथेच बोथट होते.

कराओकेच्या यंत्रावर पट्टीचं बटण एकदा दाबलं की अर्धा सूर उतरतो. वरचा सूर ताणावा लागत असेल तर दोनदा दाब, लाजू नकोस. एको मात्र अर्ध्याहून कमी ठेव. जास्त एकोत आवाज भारदस्त वाटतो खरा, पण मात्रा एकमेकींत विरघळतात आणि चूक तुलाच ऐकू येत नाही. याझावासारखा पांढरी टेप गुंडाळलेला माइक-स्टँड गरगर फिरवणं वगैरे पाचही गाणी बसल्यावर, आणि तेही रिकाम्या खोलीत, वायर काढून.

‘फंकी मंकी बेबी’चं सातव्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठव. कंस केलेल्या कागदाचा फोटोही जोड, आवाजाआधी तोच बघायचा आहे.