आजोबांच्या ट्रंकेतलं चिनी नाणं: नाव झेंगदे बादशहाचं, पण हे चलन नाही

फोटो झूम करून नीट बघितले. तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत हे चौकोनी भोकाचं नाणं सापडलं, साडेचार सेंटिमीटर रुंद, 24 ग्रॅम, एका बाजूला चार अक्षरं, मागे ड्रॅगन आणि एक पक्षी, आणि कुणीतरी सांगितलं की मिंग या चिनी राजघराण्यातल्या बादशहाचं नाव आहे म्हणजे 500 वर्षं जुनं. नाव बरोबर वाचलंय त्यांनी, पण वय तसं काढता येत नाही.

अक्षरं वाचायचा क्रम वर, खाली, मग उजवीकडे, मग डावीकडे. तुमच्या नाण्यावर तो होतो झेंग-दे-तोंग-बाओ. वरचं 'झेंग' ओळखायला एकदम सोपं, पाचच रेघा आणि सगळ्या सरळ, आपण मोजताना चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो ना, तसं चीनमधे हेच अक्षर एकेक रेघ काढत पूर्ण करतात, त्यामुळे एकदा बघितलं की विसरत नाही.

आता मुख्य गोष्ट. झेंगदे बादशहा 1505 ते 1521 गादीवर होता, पण त्याच्या नावाची नाणी सरकारी टांकसाळीतून कधी निघालीच नाहीत. त्याच्या आधीच्या होंगझीची मिळतात, नंतरच्या जियाजिंगची मिळतात, मधे याची जागा रिकामी. म्हणून 'झेंगदे तोंगबाओ' लिहिलेलं जे काही हातात येतं ते सगळं नंतर बनवलेलं ताईत-नाणं, मिंगच्या शेवटापासून, त्यानंतरच्या चिंग घराण्याच्या काळभर आणि आजही. चिनी लोक हे अंगावर बाळगायचे, घरात टांगायचे. नदी ओलांडताना जवळ असलं की बुडत नाही अशी समजूत होती, आणि स्वतः बादशहा 1520 मधे होडीतून पाण्यात पडला, त्यातून आजारी पडला आणि पुढच्या वर्षी गेला, तरी लोकांची श्रद्धा याच नावावर बसली, मला हे फार विलक्षण वाटतं.

नाव बाजूला ठेवलं तरी हे चलन नाही हे कळतं. मिंग-चिंग काळातलं रोजच्या वापरातलं नाणं साधारण अडीच सेंटिमीटर, चारेक ग्रॅम, आणि मागची बाजू कोरी किंवा चिंगच्या नाण्यांवर मांचू लिपीत (चिंग राजे मांचू होते, ही त्यांची लिपी) टांकसाळीचं नाव. तुमच्याकडचा तो पक्षी मोर नाही, फीनिक्स हा पुराणकथेतला पक्षी आहे, ड्रॅगन म्हणजे बादशहा आणि फीनिक्स म्हणजे महाराणी, ही जोडी लग्नाच्या शुभचिन्हात पण येते.

मग वय कसं काढायचं? धातू आणि घडण बघून. ही नाणी साच्यात ओतायचे, मग चौकोनी सळईत ओवून एकत्र घट्ट धरायचे आणि कडा कानशीनं घासायचे, भोक चौकोनी असल्यामुळे ती सळईवर फिरत नाहीत. म्हणून कडेवर भिंगातून घासल्याच्या बारीक रेघा दिसतात का बघा. भोकाचे चारही कोपरे तपासा, टांगलेल्या नाण्याचा एकच कोपरा दोऱ्यानं झिजून गुळगुळीत झालेला असतो, आणि तुमच्या दुसऱ्या फोटोत वरचा डावा कोपरा मला तसाच गोलसर दिसतोय. ड्रॅगनच्या खवल्यांचे उंच भाग झिजलेत आणि खाचांमधे काळपट तपकिरी थर बसलाय, हे चांगलं लक्षण. नकली मालात उलट असतं, सगळीकडे सारखाच हिरवा रंग थापलेला, अॅसिटोनचा बोळा फिरवला की निघून येतो, आणि अक्षरांच्या मधल्या सपाट भागावर बारीक फुगे. चुंबक पण लावून बघा, पितळेला चिकटत नाही, फेंगशुईच्या दुकानात लाल दोऱ्यात बांधून मिळतात त्यातली काही लोखंडावर मुलामा दिलेली असतात ती चिकटतात.

फोटोवरून माझं मत चिंग काळ, 18वं किंवा 19वं शतक. छातीठोकपणे सांगायला कडेचा जवळून फोटो लागेल, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, ब्रासो काहीही लावू नका!! देवाची भांडी चकचकीत करायची आपल्याला सवय असते, पण इथे तो काळपट थरच वयाचा पुरावा आहे, तो गेला की चांगला संग्राहक हात लावत नाही. धूळ वाटली तर डिस्टिल्ड वॉटरमधे बुडवून मऊ ब्रशनं, बस्स. ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नको, त्यानं धातूवर हिरवट चिकट डाग पडतात.

सिंगापूरच्या भावाकडे पाठवून तिथे लिलावात टाकायचं म्हणताय, ते तेवढं थांबवा. नाणं 100 वर्षांहून जुनं निघालं तर 1972 च्या भारतीय पुरावस्तू कायद्यानं ती पुरावस्तू होते, मग ती चिनी असली तरी, आणि अशी वस्तू आपल्याला खासगीत परदेशी पाठवता येत नाही. विकायचंच असेल तर इथल्याच नाणे प्रदर्शनात दोन-तीन जाणकारांना प्रत्यक्ष दाखवा आणि मग भाव ठरवा.