पडद्यावरचे नॅश आणि घरातले औषध

प्रश्न : माझा भाचा नागपुरात गणितात एम.एस्सी. करतो. स्किझोफ्रेनियासाठी त्याच्यावर उपचार चालू आहेत. अमेरिकी गणितज्ञ जॉन नॅश यांच्या याच आजारावरचा ‘अ ब्यूटिफुल माइंड’ हा चित्रपट पाहिल्यापासून तो म्हणतो, की नॅश औषधांवाचून बरे झाले, मग मीही गोळ्या सोडतो. त्याला काय सांगावे?
– एक मावशी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तुमच्या भाच्याने हे कुठेतरी वाचले असावे, कारण २००१ च्या त्या चित्रपटातले नॅश आपण नवी औषधे घेत असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात जॉन नॅश यांनी १९७० नंतर औषधे घेतली नाहीत, हे खरे आहे. मात्र त्यांची प्रकृती सुधारायला त्यानंतर बरीच वर्षे लागली आणि ज्या संशोधनासाठी त्यांना १९९४ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, ते त्यांनी आजारापूर्वी, विशीत केले होते. आजारात त्यांना नसलेले आवाज ऐकू येत. पडद्यावर वावरणारी काल्पनिक माणसे ही दिग्दर्शकाची सोय. (ती सोय परिणामकारक आहे, हे मान्यच.) पत्नी ॲलिशिया यांनी घटस्फोटानंतरही त्यांना घरात आसरा दिला, ही बाब मात्र चित्रपटाने गाळली.

एका माणसाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, आणि अचानक गोळ्या बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. गोळ्यांनी सुस्ती येते का, अभ्यासात लक्ष लागत नाही का, हे त्याला आधी विचारा. तसे असल्यास डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. त्यांची भेट लांबणार असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) मराठीतही बोलता येते.